फ्रेम सातवी

घणसोली गावठाण, तिसरा मजला.
खाली दोन भाडेकरू, वर पाण्याची टाकी, मध्ये मी
आणि शुक्रवार.
शुक्रवारी पाचला फॉर्म बंद.
‘शब्दांशिवाय एक गोष्ट, बारा चौकटींत.’
एवढंच लिहिलंय, आणि खाली फी.

पहिल्यांदा मी रोबो काढला होता.
चंद्रावर एकटा, डोळे मोठे, ओलसर.
वाशीच्या क्लासातले करंबेळकर सर म्हणाले,
सकाळपासून हा सातवा रोबो,
सगळे एकटेच कसे गं?
मग चष्मा पुसत म्हणाले,
तुमच्या घरात कोण काय करायचं?
मी म्हटलं, मीठ.
ते म्हणाले, म्हणजे?

म्हणजे आजा.
आता जिथे माणसं हातात घड्याळ बांधून
आपली पावलं मोजत चालतात
तिथे त्याचं आगर होतं.
त्याचं म्हणजे मालकाचं.
वाकणं तेवढं त्याचं.

फ्रेम एक, आकाश. लाँग शॉट. सोपं होतं, नुसती पट्टी.
दोनमध्ये भरती, पाणी आत येतं;
बाण काढला, बघणाऱ्याला दिशा कळावी.
तीन आणि चार, पाणी आटतं.
आटणं कसं काढतात?
पेन्सिल हलकी हलकी करत नेली,
शेवटी कागदच उरला, तेच बरोबर वाटलं.
पाचवीत पाय, क्लोज-अप.
टाचांच्या भेगा मी मोबाइलवर शोधत बसले
आणि आजा पलीकडच्या खोलीत
पाय पसरून झोपला होता.

सातवीत अडलं.
फळीने मीठ ओढणारा माणूस.
पाच वेळा खोडला, कागदाला लव फुटली.

रात्री दीडला आजा पाण्याला उठला,
माझ्या खांद्यावरून बघत राहिला
(या कोनालाही एक नाव आहे, क्लासात शिकवलंय).
“आसा कोन ओरतं मीठ? कंबर मोरंल त्याची.”
आणि मोरीतला मॉप घेऊन आला.
एक पाय पुढे, गुडघे सैल,
ओझं हातांवर नाही, मांड्यांवर.
लादीवरून त्याने काहीच नसलेलं काहीतरी
स्वतःकडे ओढलं,
तोंडाने आवाज काढला, खर्रर्र.
मी म्हटलं, आजा, शब्द चालत नाहीत.
“ह्यो काय शब्द हाय?”

तो तसाच थांबला, माझ्यासाठी.
मी भराभर काढत होते.
मनगट थरथरत होतं त्याचं, म्हणून बाजूला
तीन बारीक रेघा दिल्या,
पण कार्टूनमध्ये त्याचा अर्थ थंडी होतो
किंवा भीती,
म्हणून दोन खोडल्या.
एक ठेवली.

जाताना त्याने पूर्ण पानावर बोट फिरवलं.
बारा चौकोन, एकाला एक चिकटलेले.
“यवऱ्याशा बांधावरून मानूस चालल कसा?”
मी सांगणार होते की ही कोंडी नाही, ही फ्रेम आहे,
मधल्या जागेला काही किंमत नसते.
तो झोपायला गेला.
मी पट्टी घेतली
आणि नव्या पानावर सगळं पुन्हा आखलं,
चौकटी लहान, मधली वाट बोटभर रुंद.
चार वाजले. आठपासून बारापर्यंत
फक्त मिठाचे ढीग आणि सरकती सावली,
माणूस कुठेच नाही,
हे मी ठरवलं की दमले होते, माहीत नाही.

सकाळी स्टेशनसमोरचा झेरॉक्सवाला
पान उलटंसुलटं करत म्हणाला,
प्लॉटचा नकाशा ना? साडेबारा टक्के?
नाही म्हटलं. बाराच.
त्याला काही कळलं नाही, त्याने झाकण लावलं.
सातव्या फ्रेमवर मॉपचं पाणी उडालं होतं,
कागद तिथे जरासा फुगला होता.
झाकणाच्या फटीतून उजेड सरकताना दिसला,
डावीकडून उजवीकडे.
स्क्रीनवर पान उमटलं, स्वच्छ, सपाट.
मी विचारलं, पुन्हा एकदा कराल?
तो म्हणाला, दहा रुपये जास्त पडतील.